आकडे सगळे समोर आहेत, तरी हॉल ऑफ फेमचा वाद हवाच

बास्केटबॉलच्या सिम लीगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लीगमध्ये, हॉल ऑफ फेमवरून, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या यादीवरून, चार लोक हमरीतुमरीवर आलेले बघितले की नवीन माणूस हमखास विचारतो, की अरे भांडताय कशावर, एकेका शॉटचा हिशोब कॉम्प्युटरकडे आहे, फॉर्म्युला लावा आणि विषय संपवा. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलणार आहे. माझं म्हणणं असं की फॉर्म्युला जरूर लावा, पण नावांची यादी काढण्यापुरता, निकाल त्याच्यावर सोडू नका, आणि निकाल देताना एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा: हा खेळाडू लीगमध्ये होता तेव्हा बाकीच्या जीएमना, म्हणजे टीम चालवणाऱ्या जनरल मॅनेजरना, त्याच्यापायी आपले बेत बदलावे लागले का.

ज्यांनी सिम लीग कधी खेळली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. साधारण एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगसारख्या टीम्स असतात, प्रत्येक टीमला एक जीएम, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा खराखुरा माणूस, तो ड्राफ्ट करतो, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतो, ट्रेड करतो, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, कॅप, म्हणजे पगाराची मर्यादा, सांभाळतो, कोणाला किती मिनिटं खेळवायचं ते ठरवतो, आणि मग कमिशनर सिम लावतो आणि मॅचेस इंजिन, म्हणजे गेमचा प्रोग्रॅम, खेळतं. खेळाडू बहुतेक वेळा कॉम्प्युटरनेच जन्माला घातलेले. ऑफ-सीझनला त्यांची रेटिंग्ज वर-खाली होतात, कोणी एकविसाव्या वर्षी एकदम झेप घेतो, कोणी पहिल्या नंबरला ड्राफ्ट होऊन तिथेच अडकतो. वर्षं भराभर जातात, खऱ्या जगातल्या काही महिन्यांत एखाद्या खेळाडूचं अख्खं करिअर संपतं, आणि मग तो रिटायर झाला की प्रश्न येतो, घ्यायचा का नाही.

एकट्याने खेळायच्या बास्केटबॉल जीएम नावाच्या ब्राउझर गेममध्ये हा निर्णय गेमच घेतो. जेरेमी शेफ्रेस यांनी बनवलेला हा गेम फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, त्यामुळे दरवाजा कसा उघडतो ते आपल्याला बघता येतं. त्यातला मूळ हिशोब ढोबळमानाने असा: प्रत्येक सीझनला खेळाडूने टीमला किती विजय जास्तीचे मिळवून दिले याचा अंदाज असतो, एस्टिमेटेड विन्स ॲडेड, म्हणजे त्याच्या जागी सहज मिळणारा बदली खेळाडू असता तर टीम किती कमी जिंकली असती ते. करिअरभराची ही बेरीज करायची, मग त्यातले सगळ्यात चांगले पाच सीझन परत एकदा मिळवायचे आणि त्यातून ५० वजा करायचे. एकूण १०० च्या वर गेलं की आत. रिंग (म्हणजे चॅम्पियनशिप) किती, एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) किती, ऑल-स्टार किती वेळा, यातलं काहीच त्यात येत नाही. मला हा हिशोब मनापासून आवडतो, कारण करिअर आणि पीक, म्हणजे खेळाडूचा सगळ्यात भरातला काळ, या दोन्ही गोष्टी त्याने एका ओळीत बसवल्यात, आणि बेसबॉलमध्ये जे जॉज म्हणून माप वापरतात त्याचाही विचार याच वळणाचा आहे, तिथे करिअरची एकूण वॉर (बदली खेळाडूपेक्षा किती विजय जास्त, याचंच बेसबॉलमधलं माप) आणि सगळ्यात चांगल्या सात वर्षांची वॉर यांची सरासरी काढतात.

पण आता दोन खेळाडू समजा. पहिला गार्ड, सोळा सीझन खेळला, दर सीझनला आठ विजयांच्या किमतीचा. बेरीज १२८, वरचे पाच सीझन ४०, त्यातून ५० गेले म्हणजे उणे १०, हातात ११८, म्हणजे आत. दुसरा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस, तीनच सीझन खेळला, पण दर सीझनला २५ विजय, म्हणजे लीगमधला निर्विवाद पहिला नंबर, आणि चौथ्या वर्षी दुखापतीने संपला. बेरीज ७५, वरचे पाच म्हणजे तेच ७५, वजा ५०, उरले २५, एकूण १००. आणि अट काय, १०० च्या वर. म्हणजे हा बाहेर! सोळा वर्षं ठीकठाक खेळलेला गार्ड आत बसलाय आणि ज्याला अडवायला सगळी लीग तीन वर्षं धडपडत होती तो केसाच्या फरकाने दाराबाहेर उभा आहे. यात कोडची काही चूक नाही, कुठेतरी रेष मारावीच लागते. मात्र अशाच खेळाडूसाठी माणसांनी बसून चर्चा करायची असते, आणि ती चर्चा टाळून "फॉर्म्युल्यात बसत नाही" एवढं लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

खऱ्या बास्केटबॉलने हा प्रश्न कसा सोडवला बघा. स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्सला नेस्मिथ हॉल ऑफ फेम आहे, त्याच गावात १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ काढला. तिथे शेवटचा निर्णय २४ जणांची कमिटी घेते आणि १८ मतं लागतात. आकड्यांची अट अशी नाहीच. बिल वॉल्टन एनबीएच्या रेग्युलर सीझनच्या फक्त ४६८ मॅच खेळला, पायाच्या दुखापतींनी त्याची वर्षंच्या वर्षं खाल्ली, पण १९७७ ला त्याने पोर्टलंडला चॅम्पियन केलं, १९७८ ला एमव्हीपी झाला, आणि १९९३ ला तो हॉलमध्ये गेला. याओ मिंग ४८६ मॅच, २०१६ ला आत. तिथे कॉलेजचा खेळ धरतात, आंतरराष्ट्रीय धरतात, त्यामुळे वॉल्टनच्या मागे यूसीएलए हे त्याचं कॉलेज होतं आणि याओच्या मागे अख्खा चीन, हे मान्य. तरीसुद्धा ४६८ मॅचवाल्याला बघून कोणी म्हटलं नाही की याचं करिअर छोटं, परत पाठवा.

आता कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप मी फार गंभीरपणे घेतो, की सिम लीगमध्ये पीकसुद्धा फाशावरच आलं ना, इंजिनने रेटिंग वाढवलं म्हणून तो भारी झाला, त्याने कुठे पहाटे उठून प्रॅक्टिस केली. बरोबर आहे. सिममधल्या खेळाडूला कष्ट नाहीत, जिद्द नाही, त्यामुळे तिथला हॉल ऑफ फेम हा कष्टाचा सत्कार नाहीच. मग तो कशाचा आहे? माझ्या मते तो लीगच्या इतिहासाचा आहे. फासे इंजिन टाकतं, पण ते पडल्यावर इतक्या सगळ्या माणसांनी रात्री जागून काय केलं, कोणाला विकलं, कोणासाठी ड्राफ्टमधले तीन पहिल्या राउंडचे पिक दिले, कोणी टँकिंग, म्हणजे चांगल्या पिकसाठी मुद्दाम हरणं, सुरू केलं, हा भाग शंभर टक्के खरा आहे, माणसांनी केलेला आहे. आणि खेळाडू मोठा होता की नाही हे तिथे दिसतं.

आमच्या लीगमधलं उदाहरण देतो, नाव सांगत नाही कारण मतदान अजून व्हायचंय. एक सेंटर होता, सहा सीझन पूर्ण खेळला, मग गुडघा गेला आणि रेटिंग्ज अशी कोसळली की परत कधी स्टार्टर झाला नाही. करिअर टोटल बघितली तर तो यादीत पार खाली सापडतो. पण त्या सहा वर्षांचा ट्रेड लॉग उघडा. त्याच्या कॉन्फरन्समधल्या टीम्स एकापाठोपाठ एक उंच सेंटर शोधायला लागल्या, एका जीएमने चांगला चालणारा छोटा लाइनअप मोडला, स्कोरर विंग विकला आणि रेटिंगमध्ये फक्त उंची, ताकद आणि डिफेन्स असलेला, हाताला शॉट नसलेला माणूस महागात घेतला, केवळ प्लेऑफमध्ये याच्यासमोर उभा करायला कोणीतरी हवं म्हणून. ड्राफ्टमध्ये जे सेंटर एरवी दुसऱ्या राउंडला गेले असते ते पहिल्यात गेले. तो जखमी झाल्याच्या पुढच्याच ऑफ-सीझनला हेच सगळे डिफेन्सवाले सेंटर मातीमोल भावात विकले गेले. करिअर टोटलच्या रकान्यात हे कुठेच सापडत नाही, पण लॉगमध्ये तारखेवार पडलेलं आहे, कोणीही जाऊन वाचावं.

बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी केल्टनर लिस्ट म्हणून पंधरा प्रश्न तयार केले होते, केन केल्टनर या क्लीव्हलंडच्या थर्ड बेसमनच्या नावाने. त्याला हॉलमध्ये घ्या म्हणून एक मोहीम चालली होती, त्या निमित्ताने हे प्रश्न आले. त्यातला पहिलाच प्रश्न आहे की हा खेळाडू खेळत असताना कोणी त्याला बेसबॉलमधला सर्वोत्तम म्हणत होतं का. गुण द्यायचे नाहीत, बेरीज करायची नाही, एकेका प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि मग मत बनवायचं. सिम लीगला ही पद्धत अगदी चपखल बसते, फक्त आपल्याकडे "कोण काय म्हणत होतं" याच्या जागी "कोणी काय केलं" हे जास्त भरवशाचं आहे, कारण बोलायला काय, प्रत्येक जीएम स्वतःच्या खेळाडूला बेस्टच म्हणतो.

दुसरी मोठी भानगड म्हणजे काळाचा भाव. विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ ला मॅचमागे ५०.४ पॉइंट्स आणि २५.७ रिबाउंड काढले, आणि त्या वर्षीचा एमव्हीपी बिल रसेल होता. त्या काळी टीम्स आजच्यापेक्षा कितीतरी जास्त शॉट मारायच्या, त्यातले चुकायचेही जास्त, मग रिबाउंडही ढीगभर. १९८० च्या शंभर रुपयांशी आजच्या शंभराची तुलना आपण करत नाही, तसंच आहे हे. सिम लीगमध्ये तर हा प्रकार जास्तच बोकाळतो, कारण मध्येच इंजिनची नवीन आवृत्ती येते आणि थ्री-पॉइंटर वाढतात, कधी कमिशनर ड्राफ्ट क्लास सढळ हाताने बनवतो, कधी अर्धे जीएम गायब असतात आणि उरलेले त्यांच्या टीम्सना धुतात. म्हणून जॉन हॉलिंगर यांच्या पीईआरमध्ये, म्हणजे खेळाडूच्या सगळ्या आकड्यांचा मिळून काढलेल्या एका आकड्यात, लीगची सरासरी दर सीझनला १५ वर आणून ठेवतात ती गोष्ट फार शहाणपणाची आहे, वीस वर्षांपूर्वीचा २५ आणि आजचा २५ निदान एका पट्टीवर येतात. पण गायब जीएमचा इलाज पीईआरकडे नाही. तो आपल्यालाच आठवणीने करावा लागतो, की बाबा हा ज्या तीन वर्षांत तीस-तीस पॉइंट मारत होता तेव्हा त्याच्या डिव्हिजनमध्ये दोन टीम्सना मालकच नव्हता.

आणि पीईआर डिफेन्सला पकडतो तो ब्लॉक आणि स्टीलपुरता. बेन वॉलेसची करिअर सरासरी ५.७ पॉइंट्स आहे, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं त्याला, पण चार वेळा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, २००४ ला डेट्रॉइटची चॅम्पियनशिप, आणि २०२१ ला हॉलमध्ये. आपल्या किती लीग्जमध्ये असा एक तरी खेळाडू आत आहे? मी बघितलेल्या बहुतेक यादींमध्ये वरपासून खालपर्यंत स्कोररच भरलेत, आणि हे मला खटकतं, कारण सिममध्ये डिफेन्सचं रेटिंग दिसतं, ते मॅचवर परिणाम करतं हे प्रत्येक जीएमला माहीत असतं, त्यासाठी तो पैसे मोजतो, आणि मत द्यायची वेळ आली की पॉइंट्सचा रकाना उघडतो.

रिंगबद्दल थोडक्यात. रॉबर्ट ऑरीकडे सात चॅम्पियनशिप आहेत, तीन वेगवेगळ्या टीम्सबरोबर, तो एकदाही ऑल-स्टार नव्हता आणि हॉलमध्ये नाही. उलट ट्रेसी मॅक्ग्रेडी ज्या टीमचा मुख्य माणूस म्हणून प्लेऑफ खेळला ती कधी पहिल्या राउंडच्या पुढे गेली नाही, पण दोनदा स्कोरिंग टायटल, आणि २०१७ ला आत. सिममध्ये तर खेळाडू स्वतः टीम निवडतो तो फक्त फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपून मोकळा झाल्यावर, तेही इंजिनच्या मूडवर, नाहीतर जीएम नेईल तिकडे. वाईट जीएमच्या हाती सापडलेल्या खेळाडूला रिंग नाही म्हणून कापणं म्हणजे जीएमची शिक्षा त्याला देणं झालं.

एक गट मात्र सगळेच विसरतात, तो म्हणजे लीग सुरू झाली त्या दिवशी आधीच तिशीत असलेले खेळाडू. त्यांची जुनी वर्षं इंजिनने कधी खेळवलीच नाहीत, स्टॅट्सच्या पानावर त्यांचा जन्म थेट एकतिसाव्या वर्षी होतो. बास्केटबॉल जीएमच्या कोडमध्ये यावर छान तोड आहे, सुरुवातीच्या अशा म्हाताऱ्या खेळाडूंना त्यांच्या सगळ्यात चांगल्या सीझनच्या हिशोबाने न खेळलेल्या वर्षांचं थोडं श्रेय जोडून देतात. मल्टिप्लेयर लीगमध्ये हे कोणी करत नाही. पण लीगची पहिली फायनल यांनीच खेळली, पहिला मोठा ट्रेड यांच्याचसाठी झाला, नवीन जीएमना लीग खरी वाटायला लागली ती यांच्यामुळे. त्यांच्यासाठी वेगळी कमिटी करा, त्यात पहिल्या दोन-तीन सीझनचे जे जीएम अजून आहेत त्यांना बसवा, आणि उशिरा आलेल्यांनी त्या मतदानात फक्त ऐकायचं काम करावं.

नेहमीच्या मतदानासाठी मी आमच्या कमिशनरकडे एवढंच मागितलंय की मत देणाऱ्याने नावापुढे दोन ओळी लिहायच्या, होकार असो वा नकार, आणि त्या ओळी सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. स्वतःच्या टीमच्या माणसाला मत द्यायला माझी हरकत नाही, पण कारण लिहावं लागलं की "माझा होता" एवढं पुरत नाही, लॉग उघडावाच लागतो. या वेळच्या बॅलटवर माझं मत त्या गुडघा गेलेल्या सेंटरला आहे, आणि त्याच्याहून दुप्पट पॉइंट्स असलेला जो फॉरवर्ड आहे, ज्याच्यासाठी त्याच्या पूर्ण करिअरमध्ये समोरच्या कोणी साधा लाइनअपसुद्धा बदलला नाही, त्याला मी नकार देतोय. त्या फॉरवर्डचे दोन माजी जीएम इथे समोरच बसलेत, त्यांनी आता माईक घ्यावा आणि मला खोडून काढावं.