तपासायला कोण येतं?

इंदूरचं रामबाग. सकाळचे सात वाजलेत. काकू मुलाच्या शर्टाची बटणं लावताहेत. मुलगा एकतीस वर्षांचा. त्याला बोलता येत नाही. पोट दुखलं की तो डावा कान ओढतो, आणि ही खूण घरातल्या तिघांनाच कळते.

काकूंनी पंच्याहत्तरी ओलांडली. आपल्यामागे त्याची सोय व्हावी म्हणून त्या वसतिगृहं बघत फिरतात. खोल्या बघतात, मोरी बघतात, पिण्याच्या पाण्याची टाकी उघडायला लावतात. मग विचारतात, ‘इथे तपासायला कोण येतं? कळवून येतं की न कळवता?’

२०२४ च्या जुलैत याच शहरातल्या एका आश्रमात बौद्धिक दिव्यांग मुलं आजारी पडली. काही दिवसांत किमान पाच दगावली. कॉलराचे जंतू सापडले. मग चौकशी बसली, आणि कळलं की जागेच्या मानाने मुलं जास्त होती, औषधोपचाराच्या नोंदीही धड नव्हत्या. नोंदवही उघडून बघायला पाच जीव जावे लागले.

कायदा नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. अटी मोडल्या तर प्रमाणपत्र रद्द होतं, मुलांना घरी किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवता येतं. पण कलम ५४ सरकारच्या स्वतःच्या संस्थांना या नोंदणीतून वगळतं. हे आम्हाला पटत नाही. दूषित पाणी दोन्हीकडे सारखंच बाधतं.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती अशा मुलाला कायदेशीर पालक नेमून देते. त्या पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पैशाचा हिशेब घेतात ते बरंच आहे. पण वजन किती उतरलं, तो हिशेब कोण घेणार?’

पालकाने हेळसांड केली तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे अर्ज करू शकतात. ज्याच्यामागे कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठी अर्ज लिहायला आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. म्हणून न कळवता येणारी, ताट आणि अंथरूण बघणारी, मुलाजवळ घटकाभर बसणारी तपासणी हवी.

काकूंनी एक वही केलीय. पहिल्या पानावर लिहिलंय: ‘डावा कान ओढला तर पोट दुखतंय.’ तपासायला येणाऱ्या साहेबांनाही दिसावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.