मुलांच्या खोलीचा पसारा

श्रोतेहो, नमस्कार. शाळा उघडायला पंधराएक दिवस उरलेत. नव्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घरात यायचेत आणि पाऊसही दाराशी आलाय. नाशिकचं ऊन अजून कडक आहे, गाद्या-कपडे गच्चीवर एका दिवसात खडखडीत होतात. मुलांची खोली आवरायला हेच दिवस बरे.

बहुतेक घरांत सुरुवातच उलटी होते. आधी मेनरोडवरून टोपल्या येतात, मग त्यांत काय भरायचं याचा विचार. टोपल्या सगळ्यात शेवटी घ्या, खणाची रुंदी आणि खोली मोजून. दुसरी चूक म्हणजे मूल आजोळी गेलेलं असताना खोली रिकामी करणं. परत आल्यावर ते नेमकी ती एकच मोडकी गाडी शोधतं आणि मग पुढे कशालाही हात लावू देत नाही.

एका वेळी एकच प्रकार घ्या. आधी कपडे, मग वह्या-पुस्तकं, त्यानंतर खेळणी. मुलांनी काढलेली चित्रं अगदी शेवटी, कारण तिथे आईबाबाही अडकतात. सहा-सात वर्षांचं मूल फार तर अर्धा तास मन लावून काम करतं. उरलेलं उद्यावर ठेवा. "हे टाकू का?" असं विचारलंत की उत्तर "नको" हेच येणार. त्याऐवजी "या आठ गाड्यांतल्या तुला सगळ्यात आवडणाऱ्या चार कुठल्या?" असं विचारा. मूल खुशीने निवडतं. अर्ध्या भरलेल्या वह्यांची कोरी पानं काढून शिवून घेतली की कच्च्या कामाची वही होते. बाकी रद्दीत.

खेळण्यांपाशी मात्र जरा थांबू या. मोठी पेटी घेऊन सगळी खेळणी तिच्यात टाकली, की दोन दिवस खोली छान दिसते. मग ठोकळे तळाशी असतात, मुलाला ठोकळेच हवे असतात आणि पूर्ण पेटी फरशीवर उपडी होते. यात मुलाचा काही दोष नाही. पाच-सहा इंच खोलीचे, बिनझाकणाचे ट्रे घ्या आणि एका ट्रेत एकाच जातीचं खेळणं ठेवा. वाचता न येणाऱ्या मुलासाठी ट्रेवर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा. झाकण उघडणं, डबा उचलणं, खाली ठेवणं अशी तीन कामं असतील तर मूल वस्तू परत ठेवत नाही. नुसती आत टाकायची असेल तर ठेवतं.

सगळी खेळणी एकाच वेळी बाहेर नकोत. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून एक तृतीयांश बाहेर ठेवा, बाकीची माळ्यावर, आणि दर तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. बटणासारख्या चपट्या बॅटरीच्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते आजच बाहेर काढा. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

कपड्यांचं गणित उंचीचं आहे. सहा वर्षांचं मूल साधारण पावणेचार फुटांचं असतं, म्हणून दप्तर आणि गणवेशाची खुंटी तीन फुटांवर ठोका. मोठ्यांच्या उंचीवर खुंटी असली की दप्तर खाटेवरच पडणार. पावसाळ्यासाठी कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका. मुलं त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात, आणि काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.

चित्रांसाठी वर्षाला चाळीस कप्प्यांची एक फाइल पुरे. ती भरली की नवं आत जाताना जुनं एक बाहेर. कुठलं, ते मुलानेच ठरवायचं.

राहिलं कपाट. पावसाने बाहेरून भिजणाऱ्या भिंतीला ते लावू नका, मागे बुरशी धरते. आतल्या भिंतीशी ठेवा, जड पुस्तकं तळच्या खणात, आणि वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल पट्टीने भिंतीला आवळून टाका. मुलं ड्रॉवर उघडून त्यांवर पाय देऊन चढतात, तेव्हा भार पुढे येतो आणि अख्खं कपाट अंगावर कलंडतं. पट्टीचा स्क्रू नुसत्या गिलाव्यात धरत नाही. विटेपर्यंत भोक पाडून, त्यात स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी ठोकून मगच आवळायला सांगा.