एक काढू का जी?

(दृश्य: नागपूर, इतवारी, नेहरू पुतळा चौक. ढोलांचा आवाज मोठा, निवेदन त्याखालून सुरू.)

पोळ्याचा दुसरा दिवस. काळी मारबत आणि पिवळी मारबत, इडापिडा घेऊन जाणारे हे दोन मोठे पुतळे, समोरासमोर यायला थोडाच वेळ आहे आणि चौकात पाय ठेवायला जागा नाही. 'घेऊन जा गे मारबत' या आरोळीत ढोलही बुडतोय. गच्चीवर, टिनावर, खांबाला लटकून, जिथे पाहावं तिथे मोबाईल धरलेले हात.

आता गर्दीच्या मधोमध पाहा. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात एक कॅमेरा. हे काकाजी. चाळीस वर्षं यांनी नागपूरच्या रस्त्यावर फोटो काढले. आमच्यासमोर त्यांनी एकच अट ठेवली, नाव सांगायचं नाही.

(दृश्य: कॅमेऱ्यावरची बोटं, अगदी जवळून.)

लांब पल्ल्याची लेन्स काकाजी बाळगतच नाहीत. 35 मिलिमीटरची एकच. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, 8 वर, शटर सेकंदाच्या 250व्या भागावर, आणि फोकस अडीच मीटरवर बांधून टाकलेला. माणूस तेवढ्या अंतरात आला की कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज उरत नाही. पण काकाजी लावतात, मुद्दाम. समोरच्याला कळलं पाहिजे की आपला फोटो निघतोय. लांबून, पानठेल्याआड उभं राहून झूमनं काढलेल्या फोटोला ते 'खिसा कापणं' म्हणतात. अडीच मीटरवरून काढायला मात्र छाती लागते. तिथून शिवी नीट ऐकू येते.

शिकवायला बसले की ते आधी बोलायला शिकवतात. 'एक काढू का जी?' एवढंच वाक्य. हसू नाही, खुशामत नाही. कधी आधी विचारायचं, कधी क्लिक झाल्यावर. पण विचारायचं.

(दृश्य: दारातली बाई. आम्ही तिचा चेहरा धूसर केला आहे.)

ही बाई हातानंच नको म्हणाली. काकाजींचा कॅमेरा खाली आला. रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. अत्याचारपीडितेची ओळख उघड करायची नाही, गुन्ह्यात सापडलेल्या किंवा पीडित मुलाची करायची नाही, असे काही पक्के नियम आहेत. बाकी बरंचसं ज्याच्या हातात कॅमेरा त्याच्यावर सोडलेलं आहे.

(दृश्य: घरची खोली. लाइट बॉक्सवर निगेटिव्हची पट्टी.)

23 नोव्हेंबर 1994. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. अनुसूचित जमातीत समावेश करा म्हणून विदर्भभरातून गोवारी समाज मोर्चानं आला होता. मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. 114 माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं जास्त.

हा रोल त्या दिवसाचा. 36 फ्रेम. पहिल्या विसात लुगड्यातल्या बाया, कडेवर लेकरं, हातानं लिहिलेले फलक. थांबा, इथे बघा. 21 पासून माणसं उभी दिसत नाहीत. 24, 25, 26, नुसत्या चपला. आणि 27 वर लाल पेन्सिलीची फुली.

त्या फ्रेममध्ये एक चेहरा आहे. आम्ही तो दाखवत नाही. काकाजींनीही कधी छापू दिला नाही. तेव्हा ते ज्या पेपरात होते त्यांना तो पहिल्या पानावर हवा होता. दोन महिन्यांनी नोकरी सुटली.

इथे आमचं आणि काकाजींचं जमत नाही. 1984 मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बाळाला पुरलं जात असताना छायाचित्रकार रघु राय यांनी फोटो काढला. त्याच बाळाचा दुसरे छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही काढला. परवानगी कोणाची घेणार होते? ते दोन फोटो नसते तर भोपाळचा चेहराच जगाला दिसला नसता. मग 27 नंबर छापला असता तर गोवारी लोक इतके विसरले गेले असते का?

(दृश्य: काकाजी लाइट बॉक्सचा दिवा बंद करतात. नंतर झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: अंबाझरी लेआउट. चिखलानं भरलेले सोफे, आडवे पडलेले फ्रिज.)

23 सप्टेंबर 2023. मध्यरात्रीनंतरच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. हे सगळे फोटो पाणी उतरल्यावरचे. बोटीतून लोकांना काढतानाचा एकही काकाजींकडे नाही.

'दोर धराले माणूस कमी होता,' काकाजी म्हणाले. 'दोन माणसं असती त मी काढले असते.'

त्यांचा नियम असाच आहे, हात मोजायचे. जखमीजवळ पुरेसे हात असतील तर कॅमेरा, नसतील तर कॅमेरा पिशवीत. अपघाताभोवती कडं करून मोबाईल धरणाऱ्यांनी आधी रुग्णवाहिकेचा 108 लावावा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यात अडकवू नये म्हणून 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच कलम 134 अ आलं आहे.

(दृश्य: इतवारीची किराणा ओळ. पोती, हातगाड्या.)

काकाजींच्या पिशवीत नेहमी एक लिफाफा असतो. ज्यांचे फोटो काढले त्यांचे प्रिंट. पत्ता नसतो, मागे फक्त जागा लिहिलेली: 'मिरचीवाल्याच्या बाजूचा हमाल.' हा फोटो मारबतीच्या दिवशीचा. हमालभाऊंनी हात पुसले, प्रिंट उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला.

'माये डोये मिटले न याच्यात,' ते म्हणाले. 'दुसरा काढा जी.'