पाइपात उरलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावं असं आपण म्हणतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत ते दोघं एकटे कधी असतात? पडद्यापलीकडे सासू, पोटमाळ्यावर दीर, भिंतीला भिंत लावून शेजारीण. आणि रविवारी गावाहून फोन, "एका मुलावर काय भागतंय, त्याला भाऊ नको?" निर्णय दोघांचा, पण मतं गल्लीभर. नळावर, रेशनच्या रांगेत, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ती मतं तयार होतात आणि तिथून घरात येतात.

दवाखान्यातली सिस्टर अर्धा तास समजावते आणि शेजारीण एका वाक्यात ते पुसून टाकते. असं का होतं? बायका अडाणी असतात म्हणून मुळीच नाही. शेजारणीने स्वतःच्या अंगावर काढलेलं असतं, म्हणून तिचा शब्द चालतो. नीट ऐका, अफवेच्या बुडाशी बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते, दवाखान्यात सांगायची राहून गेलेली. अफवेच्या बुडाशी एक खरी, न सांगितलेली गोष्ट.

यावर एक गोष्ट सांगते. नाव-गाव नको, कुठल्याही वस्तीत घडते तशीच आहे.

नवरा नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा बिगारी. बायको चार घरची धुणीभांडी करणारी. दोन मुलं. दुसरं बाळंतपण झालं आणि तिने ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं सातच्या खाली. नसबंदीसाठी ते निदान सात तरी लागतं, म्हणून डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. (आणि बायांनो, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. मध्ये दीड-दोन तास जाऊ द्या, लिंबूपाणी घ्या. हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही, कारण गोळ्या घेऊनही रक्त न वाढलेल्या बाया वस्तीवस्तीत आहेत.)

मग नवराच म्हणाला, मी करून घेतो. हे वाक्य किती दुर्मीळ आहे बघा. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागे जवळजवळ अडतीस जणींची नसबंदी झालेली होती. पुरुषांची? शंभरात अर्धासुद्धा नाही, 0.3. आणीबाणीत, 1976-77च्या एका वर्षात, बासष्ट लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, पुष्कळशा धाकाने. त्या धाकाची आठवण बापाकडून मुलाकडे आली आणि आजही नाक्यावर बोलली जाते. त्यात भर अशी की ऑपरेशन केलं की ताकद जाते, ओझं उचलत नाही. खरं तर पुरुषाचं बळ रक्तातून अंगभर पोचतं, त्या बारीक नळीतून नाही. दोन दिवस आराम आणि आठवडाभर जड वजन नको, एवढंच पथ्य. पण हजेरीवर जगणाऱ्याला आठवड्याचा खाडा म्हणजे आठवड्याचं धान्य. भीतीचं अर्धं मूळ तिथे आहे.

तर दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी हा पालिकेच्या रुग्णालयात गेला. बिनटाक्याची नसबंदी, जागेपुरती भूल, पंधरा मिनिटं. चालत घरी आला. हातात एक चिठ्ठी होती, तीन महिने निरोध वापरा, मग वीर्यतपासणी करून घ्या. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत गेली. वाचून कोणी दाखवली नाही. आणि निरोध ठेवायचा तरी कुठे? एक फळी, एक ट्रंक, सगळ्यांचे हात सगळीकडे. ऑपरेशन झालंय, आता कशाला, म्हणून विषय संपला.

संक्रांतीपर्यंत बायकोची पाळी चुकली. पट्टीवर दोन रेघा आल्या.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. नाक्यावर कोणीतरी हसत विचारलं, "तुझं तर ऑपरेशन झालंय ना रे?" तो घरी आला आणि बायकोशी बोलेनासा झाला. सासूने ताट सरकवायचं बंद केलं. नळावर ती हंडा घेऊन आली की बोलणं थांबायचं. चार घरची कामं करून आलेली ती बाई, तिने कुणाला काय सांगायचं?

आरोग्य सेविका घरी आली आणि एकट्या सुनेला बाहेर न बोलावता तिघांनाही समोर बसवलं. आधी ऑपरेशनची तारीख विचारली, मग शेवटच्या पाळीची. रेशनकार्डाच्या पिशवीतून चिठ्ठी काढायला लावली. आणि बिगाऱ्याला म्हणाली, "दादा, वरच्या टाकीचा कॉक बंद केला की खालचा नळ लगेच कोरडा पडतो का हो?"

तो म्हणाला, "नाही. पाइपात असतं तेवढं येतंच की."

"मग तसंच आहे हे. नस बंद झाली, पण बंद केलेल्या जागेच्या पुढे जे बीज होतं ते तीन महिने राहू शकतं."

तो बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिला. सासू उठली आणि सुनेला पाणी आणून दिलं.

रक्त इतकं कमी असताना हे तिसरं नको, हे तिने ठरवलं. कायद्याने सज्ञान बाईला गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. तीन महिने भरल्यावर नवऱ्याची तपासणी झाली, त्यात बीज शून्य. म्हणजे ऑपरेशन ठीक होतं. पण गल्लीत उरलं काय? "त्याचं फेल गेलं." त्यानंतर त्या गल्लीतून दुसरा पुरुष गेला नाही. बघा, अफवेच्या बुडाशी एक खरी गोष्ट. निरोध तीन महिने, मग तपासणी. हे तोंडाने, दोघांना, दोनदा सांगायला हवं होतं.

आता बाकीचं भराभर. "तांबी बसवली की अंगावरून फार जातं." खरं आहे, पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोटात दुखतं, मग बहुतेक जणींचं कमी होतं. "तांबी गळून पडते." क्वचित पडते, बाळंतपणानंतर लगेच बसवलेली जरा जास्त. म्हणून महिन्याने दाखवायला जा आणि पाळीनंतर धागा हाताला लागतो का बघा. "अंतराच्या, म्हणजे पाळणा लांबवायच्या, सुईने रक्त आत साठतं." साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, म्हणून पाळी थांबते. "पुढे मूल होत नाही." होतं, पण शेवटच्या सुईनंतर सात ते दहा महिने लागू शकतात. हे आधी कळलं तर सासू सुनेला वांझ म्हणणार नाही. सुई दर तीन महिन्यांनी, आणि टोचलेली जागा चोळायची नाही.

छाया ही पाळणा लांबवायची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. मग आठवड्यातून एकदाच, पहिली ज्या वारी घेतली त्याच वारी. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. माला-एन ही रोजची गोळी मात्र अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने नको.

माझं ठाम मत आहे की झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांत आतल्या खोलीला कडी लागणारं दार हवं. तेही कुटुंब नियोजनच आहे. ज्या घरात गोळीचं पाकीट डाळीच्या डब्यात लपवावं लागतं, तिथे गोळी चुकणारच.

आणखी एक. बाईच्या नसबंदीला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. कोणी मागितली तर तसं सांगा. पण तो तयार असेल तर समुपदेशनाला बरोबर न्या, सासूबाईंनाही न्या. तिथे एकच प्रश्न विचारा, "पहिल्या तीन महिन्यांत काय काय होईल?" उत्तर सगळ्यांच्या कानांवर पडू द्या, आणि चिठ्ठी मिळाली तर तिथेच वाचून घ्या.

नमस्कार.