माउली, फोटो काढू का?

नमस्कार श्रोतेहो,

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. या दिवसांत पुण्यात वारकऱ्यांसोबत कॅमेरेही भरपूर दिसतात. टाळ वाजवणाऱ्यांचे, फुगडी घालणाऱ्यांचे फोटो खुशाल काढा. तो सोहळाच आहे, चारचौघांत मांडलेला.

पण दिंडी विसावते तेव्हाचं काय? शाळेच्या पटांगणात कुणी ओलं लुगडं वाळत घालतंय, एखादी आजी भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत बसलीय, कुणी टँकरच्या पाण्यानं अंघोळ उरकतंय. नेमकी तिथंच लांबची लेन्स रोखली जाते. आडोसा मिळाला नाही म्हणून ती माणसं उघड्यावर आहेत. त्याचा फायदा घेणं मला मुळीच पटत नाही.

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही, हे खरं. तरीही खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमतानं दिला. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं तर गुन्हाच आहे. पहिल्या वेळीसुद्धा किमान एक वर्ष कैद होते.

‘विचारलं की चेहऱ्यावरचा सहजपणा जातो,’ असं फोटोग्राफर मित्र म्हणतात. महात्मा फुले मंडईत जाऊन बघा. ‘मावशी, फोटो काढू का?’ म्हटलं की मावशी पदर सारखा करतात, ताठ बसतात. तो फोटो आधी काढा, कारण त्यांना स्वतःचा तसाच फोटो आवडतो. मग जरा थांबा. गिऱ्हाईक येतं, घासाघीस सुरू होते, मावशी मेथीची जुडी झटकून त्याच्यापुढे धरतात आणि कॅमेरा विसरतात. हवा तो सहजपणा आता समोर असतो, तोही त्यांच्या परवानगीनं.

क्षण निसटेल म्हणून आधी फोटो काढलात, तर लगेच जाऊन दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोरच पुसून टाका, हुज्जत नको. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करूच नका. आणि इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तेही स्पष्ट सांगा. ‘काढा की’ म्हणणाऱ्या मावशींना हजारो लोक आपल्याला बघणार आहेत याची कल्पना नसते.

जमलं तर एक प्रिंट काढून पुढच्या खेपेला मंडईत नेऊन द्या.