पिंपांनी राखलेली रंगभूमी

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या पूर्व भागातील सफोक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचे शहर आहे. तेथील थिएटर रॉयल १८१९ साली विल्यम विल्किन्स या वास्तुविशारदाने बांधले; लंडनची नॅशनल गॅलरी त्यानेच पुढे उभारली. विल्किन्स घराण्याकडे नॉर्विच, इप्सविच, केंब्रिज अशा गावांतील नाट्यगृहे चालवण्याचा मक्ता होता आणि एकच नाटकमंडळी त्या गावांतून फिरत असे. बरीमध्ये तिचा मुक्काम शरद ऋतूतील जत्रेच्या दिवसांत पडे.

या नाट्यगृहाचे खरे वैभव त्याच्या लहानपणात आहे, असे मला मनापासून वाटते. रंगमंचाचा पुढचा भाग प्रेक्षकांत शिरलेला, समोर खाली पिटातली बाके, भोवती अर्धवर्तुळात सरदार-जमीनदारांचे बॉक्स आणि सर्वांत वर कष्टकऱ्यांची गॅलरी. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातले दिवेही तेवत असत, त्यामुळे नटाला प्रेक्षकांचे आणि प्रेक्षकांना एकमेकांचे चेहरे दिसत. दाद आणि नापसंती दोन्ही तिथल्या तिथे पोहोचत.

मराठी रसिकांचेही या वास्तूशी एक नाते आहे. ब्रँडन थॉमस यांच्या ‘चार्लीज आन्ट’ या प्रहसनाचा पहिला प्रयोग १८९२ च्या फेब्रुवारीत येथेच झाला, आणि त्याच नाटकावरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ लिहिले. विजय चव्हाण यांच्या मावशीला हसून हसून दाद देणाऱ्या किती जणांना त्या हास्याचा उगम या छोट्या रंगमंचावर झाल्याचे ठाऊक असेल?

रेल्वे आल्यावर फिरत्या मंडळ्यांची जुनी घडी विस्कटली, पुढे चित्रपटांनी प्रेक्षक ओढून नेले आणि १९२५ साली नाट्यगृह बंद पडले. ग्रीन किंग या शेजारच्याच मद्यनिर्मिती कंपनीने ते आधीच विकत घेतले होते. तिने तिथे बिअरची पिंपे साठवली. रंगभूमीचे गोदाम व्हावे याचे दुःख होतेच. पण त्या पिंपांमुळेच इमारत पाडली गेली नाही, तिचे चित्रपटगृहही झाले नाही, हेही मान्य केले पाहिजे. गावकऱ्यांनी वर्गणी जमवून १९६५ मध्ये ती पुन्हा नाटकांसाठी उघडली. दहा वर्षांनी जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि २००७ मध्ये पुरा झालेल्या जीर्णोद्धारात विल्किन्सच्या मूळ मांडणीप्रमाणे रंगमंच पुन्हा प्रेक्षकांमध्ये पुढे आणला गेला.