युरो: नोटा आल्या सगळ्यात शेवटी

१ जानेवारी १९९९. अकरा देशांचं चलन एक झालं, आणि पॅरिसच्या बेकरीत काहीही बदललं नाही. गिऱ्हाइकं फ्रँकच मोजत राहिली. युरोच्या नोटा हाती यायला अजून तीन वर्षं होती. बदलले होते ते फक्त दर, कायमचे गोठवलेले: एका युरोला ६.५५९५७ फ्रँक, १९३६.२७ लिरा.

इथवर यायला तीसेक वर्षं लागली. १९७० मध्ये लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर वेर्नर यांनी दहा वर्षांचा आराखडा दिला. मग डॉलरची सोन्याशी गाठ सुटली, तेल भडकलं आणि आराखडा बासनात गेला. १९७९ मध्ये पुन्हा सुरुवात झाली, पण बेताबेतानं. शेजाऱ्याच्या चलनापासून आपला दर सव्वादोन टक्क्यांपलीकडे हलू द्यायचा नाही, एवढंच. इटलीला थोडी जास्त सूट.

ऐकायला सोपं. पण दर सांभाळायचा, तर व्याजदर आपल्या मर्जीनं ठरवता येत नाही. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर महागाईच्या धास्तीनं जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनं, बुंडेसबँकेनं, व्याज चढं ठेवलं. मंदीत रुतलेल्या ब्रिटनलाही मग ते उतरवता येईना. १६ सप्टेंबर १९९२ रोजी लंडननं सकाळी व्याजदर १० वरून १२ टक्के केला, दुपारी १५ टक्क्यांची घोषणा केली, आणि संध्याकाळी व्यवस्थेतूनच अंग काढून घेतलं. पौंड पडणार अशी पैज लावलेले सटोडिये जिंकले.

फ्रान्सनं मात्र चारच दिवसांनी, सार्वमतात, एकच चलन आणणारा मास्ट्रिख्ट करार स्वीकारला. तोही जेमतेम ५१ टक्क्यांनी. पॅरिसचा हिशेब रोखठोक होता: नाहीतरी बुंडेसबँक ठरवते आणि आपण पाळतो, मग सगळ्यांची एकच बँक का नको? तिथं निदान आपलंही मत असेल.

करारात अटी होत्या. सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत, सरकारी कर्ज ६० टक्क्यांच्या आत. कर्जाची अट काटेकोर लावली असती, तर इटली आणि बेल्जियम दारातच अडले असते. तिथं सोयीस्कर डोळेझाक झाली, हे सांगायलाच हवं.

शेजार पुढं वाढत गेला. महागाईनं कोलमडलेल्या बल्गेरियानं १९९७ मध्ये आपला लेव्ह जर्मन मार्कला बांधला. मार्क गेला, दर तोच राहिला. १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया युरोत आला, तो मार्कच्याच जुन्या दरानं, १.९५५८३. जवळपास तीन दशकं बल्गेरियाची राजधानी सोफिया दुसऱ्यांचा व्याजदर निमूट पाळत होती. आता फ्रँकफर्टला, युरोच्या मध्यवर्ती बँकेच्या बैठकीत, तिच्याही बँकेच्या गव्हर्नरला खुर्ची आहे.